आर्डुबॉय: घरी हजार रुपयांत होतो, मग पन्नास डॉलर का मोजायचे?

क्रेडिट कार्डाएवढा, जेमतेम ५ मिमी जाडीचा, सहा बटणांचा आणि काळ्या-पांढऱ्या पडद्याचा आर्डुबॉय हा हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचा कन्सोल. त्याची सध्याची एफएक्स आवृत्ती सुमारे ५० डॉलरला मिळते. तेवढ्याच पैशांत रंगीत पडद्याचे, हजारो जुने खेळ भरलेले चिनी हँडहेल्ड मिळतात. म्हणून निकाल आधीच सांगून टाकू. नुसतं खेळायचं असेल तर आर्डुबॉय घेऊ नका. खेळ लिहायचे असतील, किंवा घरातल्या आठवी-नववीतल्या मुलाला सी++ ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवायची असेल, तर इतकं सरळ यंत्र दुसरं सापडणं कठीण. आणि सोल्डरिंगवर हात बसलेला असेल तर विकत घ्यायचीही गरज नाही. सुटे भाग आणून घरी जोडा, त्यावर मूळ खेळ जसेच्या तसे चालतात.

२०१४ साली केविन बेट्स या अमेरिकन माणसाने स्वतःचं व्हिजिटिंग कार्ड म्हणून टेट्रिस खेळता येणारी एक पातळ सर्किटपट्टी बनवली. तिचा व्हिडिओ भरपूर फिरला. २०१५ मध्ये त्याने किकस्टार्टरवर २५ हजार डॉलर मागितले आणि सात हजारांवर लोकांनी मिळून ४ लाख ३३ हजार दिले. लोकवर्गणीतला मुख्य धोका, म्हणजे पैसे गेले आणि वस्तू आलीच नाही, तो आता उरलेला नाही. माल तयार असतो, मागवला की येतो.

मात्र ‘स्वस्त, खुला, लोकवर्गणीतून आलेला’ ही तीन विशेषणं ज्या कन्सोलने गाजवली तो हा नव्हे. तो औया. २०१२ मध्ये त्याला ६३,४१६ जणांनी मिळून ८५ लाख ९६ हजार डॉलर दिले होते. किंमत ९९ डॉलर, आत टेग्रा ३ चिप, १ जीबी रॅम, अँड्रॉइड. यंत्र उघडायला स्क्रू, प्रोग्रॅम लिहायला कोणालाही मुभा, त्यामुळे कागदावर तोही खुलाच. पण पहिल्यांदा चालू करताना खातं उघडावं लागे आणि ते कंपनीच्या सर्व्हरवर. २५ जून २०१९ ला सर्व्हर बंद झाले. त्यानंतर फॅक्टरी रिसेट केलेला औया नोंदणीच्या पडद्यावरच अडकून बसतो, आणि त्याला पुढे ढकलायला हौशी मंडळींनी उभारलेल्या पर्यायी सर्व्हरकडे वळवावं लागतं. जुन्या बाजारात औया स्वस्तात दिसला तर हे आधी लक्षात घ्या. एरवी आज तो फक्त संग्रहाची वस्तू आहे.

आर्डुबॉयमध्ये खातं नाही, वायफाय नाही, दुकान नाही. यूएसबी केबल लावायची, फाइल चढवायची, खेळायचं. सर्किटचा आराखडा जाहीर आहे, खेळ लिहायला लागणाऱ्या तयार कोडचा संच, म्हणजे लायब्ररी, खुल्या परवान्याची आहे, बहुतेक खेळांचा सोर्सकोडही मिळतो. उद्या कंपनी गुंडाळली तरी हातातलं यंत्र आज चालतं तसंच चालेल, आणि बिघडलं तर दुसरं जोडता येईल. खुलेपणाची आमची कसोटी एवढीच, आणि तिच्यात हा पूर्ण उतरतो.

आता आतला मामला. मेंदू म्हणजे एटीमेगा ३२यू४ हा ८ बिटांचा, १६ मेगाहर्ट्झवर चालणारा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे आर्डुइनो लिओनार्डो या हौशी इलेक्ट्रॉनिक्सच्या बोर्डात असतो तोच. फ्लॅश (खेळ साठवायची जागा) ३२ केबी, रॅम (चालू खेळाची तात्पुरती मेमरी) अडीच केबी, ईईप्रॉम (गुण आणि सेटिंग टिकवायची जागा) १ केबी. केबीच, एमबी नव्हे. पडदा १.३ इंची ओलेड, १२८ बाय ६४ ठिपक्यांचा, प्रत्येक ठिपका एकतर पेटलेला नाहीतर विझलेला. करड्या छटा नाहीत. ठरलेल्या फाँटमध्ये एका ओळीत २१ अक्षरं आणि अशा ८ ओळी, एवढाच मजकूर एका वेळी मावतो.

रॅमचा हिशेब पहिल्या दिवशीच करून ठेवावा. पडद्याचं चित्र रॅममध्ये तयार होतं आणि मग एका दमात पडद्याकडे जातं. १२८ गुणिले ६४ भागिले ८ म्हणजे १,०२४ बाइट तिथेच गेले. २,५६० मधून उरले १,५३६. त्यात तुमचे शत्रू, गोळ्या, नकाशा, गुण आणि स्टॅक (चालू फंक्शनांची तात्पुरती जागा) सगळं बसवायचं. नवशिक्याचा खेळ सुरळीत चालता चालता मध्येच पडद्यावर कचरा उधळून रिस्टार्ट होतो, तेव्हा दहातल्या नऊ वेळा स्टॅक खाली उतरून व्हेरिएबलांवर चढलेला असतो. उपाय दोन. स्थिर मजकूर आणि चित्रं ‘प्रोगमेम’ लावून फ्लॅशमध्येच ठेवायची, आणि कंपाइल झाल्यावर, म्हणजे कोड चिपच्या भाषेत उतरल्यावर, आयडीई (कोड लिहून चढवायचं सॉफ्टवेअर) जी उरलेली रॅम दाखवतो ती तीनशे बाइटच्या खाली जाऊ द्यायची नाही. आकडे मोजायला सरसकट दोन बाइटचा ‘इंट’ वापरायची सवय असेल तर तीही सोडा. २५५ च्या आतल्या आकड्याला एक बाइट पुरतो.

मराठीत खेळ करू पाहणाऱ्याला आणखी एक गोष्ट आड येते. लायब्ररीत देवनागरी फाँट नाही, आणि जोडाक्षरं-मात्रांची जुळणी करणारं इंजिन या चिपवर बसवणं परवडणारं नाही. मग शब्दाचं चित्रच करायचं. ‘खेळ संपला’ ही पाटी ६४ बाय १६ ठिपक्यांत वाचता येईल अशी बसते आणि फ्लॅशमधले १२८ बाइट खाते. अशा वीस पाट्या म्हणजे अडीच केबी, तेवढी चैन चालते. १६ ठिपक्यांच्या उंचीत वरचे चार ठिपके मात्रा-वेलांटीला आणि खालचे तीन उकाराला राखून ठेवले तर शिरोरेषा सगळ्या पाट्यांत एकाच उंचीवर येते. याहून बारीक काढायला गेलात तर ‘ध’ आणि ‘घ’ ओळखू येत नाहीत.

खेळ चढवण्याची रीत साधी आहे. संगणकावर आर्डुइनो आयडीई टाका. लायब्ररी मॅनेजरमध्ये ‘आर्डुबॉय२’ शोधून बसवा. बोर्ड म्हणून ‘आर्डुइनो लिओनार्डो’ निवडला तरी काम भागतं. पोर्ट निवडा, उदाहरणांतला ‘हॅलो वर्ल्ड’ उघडा, अपलोड दाबा. कंपाइल झालेली हेक्स फाइल मिळाली असेल तर आयडीईचीही गरज नाही, ती थेट चढवणारी छोटी साधनं आहेत. ‘डॉट आर्डुबॉय’ शेपटीची फाइल दिसली तर घाबरू नका, ती साधी झिप असते आणि आत हेक्स असते.

बिनसतं ते जवळजवळ नेहमी यूएसबीपाशी. पहिला संशय केबलवर घ्या. मोबाइल चार्जरसोबत आलेल्या कित्येक केबलींमध्ये डेटाच्या तारा नसतातच. यंत्र चार्ज होतं, संगणकाला मात्र दिसत नाही. केबल बरी असूनही अपलोड अर्धवट राहत असेल तर कारण वेगळं. या चिपला यूएसबीसाठी दुसरी चिप नाही, खेळ आणि यूएसबी दोन्ही तीच सांभाळते. अपलोडच्या वेळी ती रिसेट होते, बूटलोडर (नवा खेळ चढवून घेणारा छोटा प्रोग्रॅम) सुमारे ८ सेकंद जागा राहतो आणि त्या वेळात पोर्टचा नंबर बदलतो. चढलेल्या खेळाने रॅमची नासाडी केली असेल किंवा जागा वाचवायला यूएसबीचा कोडच काढून टाकला असेल, तर संगणकाची हाक त्याला ऐकूच जात नाही. मग यंत्र बंद करा, ‘वर’चं बटण दाबून धरून चालू करा. पडदा पांढरा होतो, खेळ सुरू होत नाही आणि अपलोड निमूटपणे होतं. तेही जमलं नाही तर आयडीई ‘अपलोडिंग’ म्हणू लागताक्षणी रिसेट दाबायचं. ही वेळ साधायला दोन-चार प्रयत्न लागतात. ‘मेलं’ म्हणून काढून टाकलेल्या बऱ्याच यंत्रांना खरं तर एवढंच हवं असतं.

लिनक्सवाल्यांना दोन गोष्टी जास्तीच्या. आपला युजर ‘डायलआउट’ गटात घालावा लागतो. आणि ‘मोडेममॅनेजर’ नावाची सेवा नवीन सीरियल पोर्ट दिसला की त्यात नाक खुपसते, नेमक्या त्या आठ सेकंदांत. ती बंद ठेवा.

मूळ आर्डुबॉयवर एका वेळी एकच खेळ राहतो. दुसरा हवा तर संगणक शोधा. प्रवासात खेळायला घेतलेल्या वस्तूच्या बाबतीत हे हास्यास्पदच होतं. एफएक्समध्ये १६ एमबीची वेगळी फ्लॅश चिप आहे, तिच्यात दोनशेच्या वर खेळ भरून येतात आणि चालू केल्यावर चित्रांची यादी दिसते. निवडलेला खेळ त्या चिपमधून मुख्य फ्लॅशमध्ये उतरतो, दोन-तीन सेकंद जातात. उत्पादकाच्या कागदपत्रांत मुख्य फ्लॅश १०,००० वेळा लिहिता येईल असं म्हटलंय. रोज पाच खेळ बदलले तरी पाच वर्षं सहज, त्याची काळजी नको. शिवाय एफएक्सचा बूटलोडर ३ केबीचा आहे, जुना ४ केबीचा होता, त्यामुळे खेळाला २८ ऐवजी २९ केबी मिळतात. नवे काही खेळ आपली चित्रं-नकाशे थेट १६ एमबीमधून वाचतात, ते जुन्या यंत्रावर चालणारच नाहीत. आज विकत घ्यायचाच तर एफएक्स. मूळ मॉडेल कोणी निम्म्या किमतीत दिलं तरच विचार करावा.

एक दुखणं मात्र एफएक्सनेही बरं केलेलं नाही. बहुतेक खेळांचे गुण आणि सेव्ह जातात त्या १ केबी ईईप्रॉममध्ये, आणि ती सगळ्या खेळांत सामाईक. पहिले १६ बाइट यंत्राच्या सेटिंगसाठी राखीव, पुढची जागा ज्याची त्याने बळकवायची. कोणता खेळ कुठे लिहितो याचं बंधन नाही. त्यामुळे ‘आर्डुव्हेंचर’सारखा तासन्‌तास चालणारा रोल-प्लेइंग खेळ अर्ध्यावर असताना सहज म्हणून दुसरा एखादा उघडलात, तर सेव्ह उडू शकतं. लांबचा खेळ सुरू केला की तो संपेपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही, हाच पथ्याचा मार्ग. ईईप्रॉम संगणकावर उतरवून ठेवता येते, पण तेवढी उठाठेव कोण करतो!

खेळांचा दर्जा? छोट्या कोड्यांचे आणि उड्या मारायचे खेळ उत्तम आहेत, ‘मिस्टिक बलून’ कोणालाही दाखवावा असा. ‘कॅटाकोम्ब्स ऑफ द डॅम्ड’ या चिपवर त्रिमितीय भुयारं पळवून दाखवतो, ते बघून प्रोग्रॅमर चकित होतो आणि पुतण्या मात्र ‘रंग कुठे आहे?’ विचारतो. दोघंही बरोबर आहेत. घेण्याआधी ‘आर्डेन्स’ किंवा ‘प्रोजेक्ट एबीई’ या एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावर आर्डुबॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, दहा-बारा खेळ खेळून पाहा. दोन्ही फुकट आहेत. तिथे कंटाळा आला तर लहान पडद्यावर तो जाणार नाही.

बटणं टणक आहेत, आवाज किरकिरा आहे. लोकलमध्ये शेजारच्याचा जीव जाऊ नये म्हणून बी बटण दाबून चालू करायचं, निळा दिवा लागला की ‘खाली’ दाबायचं, आवाज बंद. ही सोय आर्डुबॉय२ लायब्ररीवर लिहिलेल्या खेळांत असते. बॅटरी १८० एमएएचची, दावा आठ तासांचा. ओलेडमध्ये पेटलेला ठिपकाच वीज खातो, म्हणून पांढऱ्या पार्श्वभूमीचे खेळ ती लवकर संपवतात. बॅटरी किती उरली ते दाखवणारं चिन्ह नाही, पडदा जातो तेव्हा कळतं.

भारतात मागवताना ५० डॉलर हा निव्वळ आरंभ आहे. त्यावर टपालखर्च, सीमाशुल्क, आणि कुरियर कंपनी ते शुल्क भरून देण्याची वेगळी फी लावते ती. तिन्ही आकडे आधी विचारा, नाहीतर नाकापेक्षा मोती जड. अमेरिकेतून कोणी येणार असेल तर त्याच्या खिशात बसेल एवढीच ही वस्तू आहे.

आणि आता घरी जोडायचा पर्याय, जो आमच्या मते भारतातल्या वाचकाला जास्त परवडतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासची इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं, किंवा ऑनलाइन. मागायचा बोर्ड ‘प्रो मायक्रो, ३२यू४, ५ व्होल्ट, १६ मेगाहर्ट्झ’. दुकानदार घाईत ‘प्रो मिनी’ हातात ठेवतात, तो ३२८पी चिपचा, त्यावर यूएसबीच नाही. आर्डुइनोचे नॅनो आणि ऊनो हे बोर्डही चालत नाहीत. चिपवरची अक्षरं वाचूनच पैसे द्या. ३.३ व्होल्ट, ८ मेगाहर्ट्झचा प्रो मायक्रोही मिळतो, त्यावर खेळ अर्ध्या वेगाने रांगतात.

पडदा निवडताना जास्त लोक फसतात. दुकानात सहज मिळतो तो चार पिनांचा आयटूसी ओलेड. तो नको. आयटूसी आणि एसपीआय या चिपने पडद्याशी बोलायच्या दोन वेगळ्या पद्धती, आणि मूळ खेळ एसपीआय पडद्यासाठी कंपाइल केलेले असतात, म्हणून सात पिनांचा एसपीआय मॉड्यूल लागतो, कंट्रोलर एसएसडी१३०६. ०.९६ इंचीत तो बहुधा हाच असतो. १.३ इंची मॉड्यूलवर मात्र बऱ्याचदा एसएच११०६ हा कंट्रोलर असतो. त्याची आतली मेमरी १३२ स्तंभांची, त्यामुळे मूळ हेक्स त्यावर नीट उमटत नाही, खेळ त्या कंट्रोलरसाठी पुन्हा कंपाइल करावा लागतो. पहिल्यांदा जोडताय तर ०.९६ इंचीच घ्या, डोळ्यांना थोडा त्रास झाला तरी.

जोडणी अशी करा की मूळ हेक्स फाइल काहीही न बदलता चालेल. पडद्याचा क्लॉक, ज्यावर डी० किंवा एससीके लिहिलेलं असतं, तो बोर्डच्या १५ नंबरच्या पिनला. डेटा, म्हणजे डी१ किंवा मोसी, १६ ला. डीसी ४ ला, रिसेट ६ ला. सीएस, म्हणजे ‘आता तू ऐक’ असं पडद्याला सांगणारी तार, मूळ यंत्रात १२ वर असते, पण प्रो मायक्रोवर १२ बाहेर काढलेलाच नाही, म्हणून सीएस सरळ ग्राउंडला बांधा. त्या तारांवर दुसरं कोणी बोलत नसल्याने पडदा कायम कान देऊन बसला तरी चालतं. बटणं: वर ए०, उजवं ए१, डावं ए२, खाली ए३, ‘ए’ बटण ७, ‘बी’ बटण ८. प्रत्येकाचं दुसरं टोक ग्राउंडला. रेझिस्टर लागत नाहीत, चिपमधले पुल-अप रेझिस्टरच कामाला येतात. चार पायांच्या टॅक्ट स्विचमध्ये दोन-दोन पाय आतून जोडलेले असतात. कर्णातले दोन पाय वापरले की गोंधळ होत नाही. बझर पॅसिव्ह पिझो घ्या, एक टोक ५ ला, दुसरं ग्राउंडला. अॅक्टिव्ह बझर घेतला तर प्रत्येक सुराला तीच एक शिट्टी. दुसरं टोक मूळ यंत्रात १३ ला असतं, तो पिनही इथे नाही. त्यामुळे आवाज थोडा कमी येतो आणि दोन सुरांच्या संगीतातला दुसरा सूर गायब होतो. खेळायला काही अडत नाही.

रिसेटचं बटण प्रो मायक्रोवर नसतं. रिसेट आणि ग्राउंडमध्ये एक छोटा स्विच आत्ताच लावून घ्या, तो पटकन दोनदा दाबला की बूटलोडर आठ सेकंद जागा होतो. नाहीतर पहिल्याच अडकलेल्या खेळाला चिमट्याने पिन जोडत बसाल. मायक्रो यूएसबीचं सॉकेट या बोर्डचं सगळ्यात नाजूक ठिकाण, ओढाताणीत ते तांब्याच्या पट्ट्यांसकट उखडतं. अपलोड होतंय याची खात्री केल्यावर सॉकेटच्या दोन्ही बाजूंना इपॉक्सी लावा, तोंडात जाऊ देऊ नका. टाइप-सीचे प्रो मायक्रो मजबूत असतात, पण काहींमध्ये दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात आणि सी-टू-सी केबलीवर ते जागेच होत नाहीत. ए-टू-सी केबल वापरा.

वीज पॉवर बँकेवरून घ्यायचा मोह होतो, पण हे यंत्र इतकं कमी खातं की बऱ्याच पॉवर बँका ‘काहीच लावलेलं नाही’ असं समजून अर्ध्या मिनिटात बंद पडतात. तीन एए सेल, साडेचार व्होल्ट, स्विचमधून बोर्डच्या व्हीसीसी पिनला, हे स्वस्त आणि भरवशाचं. यूएसबी लावताना तो स्विच बंद हवाच, नाहीतर यूएसबीचे पाच व्होल्ट सेलांमध्ये शिरतात. सगळं मिळून हजार-बाराशे रुपये, आणि सोल्डरिंग येणाऱ्याला एक संध्याकाळ.

एफएक्सची १६ एमबीची मजा घरच्या यंत्रात आणता येते, पण तिथे काम वाढतं. फ्लॅश चिप ३.३ व्होल्टची आणि बोर्ड ५ चा, थेट जोडली तर ती फार दिवस टिकणार नाही. पडद्याचा सीएसही मग ग्राउंडवर ठेवता येत नाही, कारण आता त्याच तारांवर दुसरी चिप बोलते. बूटलोडर बदलायला दुसरा आर्डुइनो प्रोग्रॅमर म्हणून लागतो. इतकं करायचं असेल तर तयार एफएक्सचे पैसे रास्त वाटू लागतात. शाळेच्या क्लबसाठी वीस नग हवे असतील तर साधा घरचा, आणि स्वतःच्या खिशासाठी एकच हवा असेल तर एफएक्स, असं आमचं गणित.

जुना मूळ आर्डुबॉय कोणी विकत असेल तर टेबलावर आडवा ठेवून कडेने पाहा. पाठ फुगलेली किंवा डुगडुगत असेल तर लिथियम बॅटरी सुजलेली आहे, चार्ज करूनही बघू नका. पाठ सपाट असेल तर ‘वर’ दाबून चालू करा. पूर्ण पांढऱ्या पडद्यावर एखाद्या खेळाच्या गुणफलकाची काळपट सावली दिसली तर ओलेड जळलेला आहे, आणि तो काही पुन्हा उजळत नाही.